भाकर मिळाली, वाटा राहिला



आज मी तुम्हाला माझ्या आत्याची गोष्ट सांगणार आहे आणि तिच्या निमित्ताने शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहासही. आपल्या प्रकाशाचा इतिहास म्हटला की केदारेश्वर, संगमेश्वर, तापी-गोमाईचा संगम आणि दक्षिण काशी एवढं सगळ्यांना पाठ असतं. १९५४-५५ साली पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी इथल्या टेकाडावर खोदकाम केलं आणि ताम्रपाषाण काळातली खापरं निघाली, हेही शाळेतली पोरं सांगतात. म्हणजे तीन हजारांहून जास्त वर्षं या काठावर माणसं नांदतायत. इतक्या पिढ्यांमध्ये कुणी न दिसणारं, कुणी न ऐकणारं, कुणी पाय ओढत चालणारं असणारच. खापरं त्यांच्याबद्दल काही सांगत नाहीत. घरातल्या म्हाताऱ्या बाया मात्र सांगतात, म्हणून मी घरापासून सुरुवात करते.

माझ्या आत्याला चार वर्षांची असताना देवी आल्या. जीव वाचला, डोळे गेले. ही स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. त्या काळी देवीने डोळे गेलेलं एखादं तरी माणूस बहुतेक गावांत असायचं. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी सापडला नाही, पण आत्यापुरता तो उपाय फार उशिरा आला.

आत्या घरात रिकामी बसलेली मला आठवत नाही. मूठभर दाणे हातात घेतले की दादर कोणती आणि साधी ज्वारी कोणती, ते ती सांगायची. शेंगा फोडायची, मिरचीचे देठ खुडायची, जात्यावर बसली की ओव्यांना खंड नसायचा. दारावरून कोण गेलं, ते पावलांवरून ओळखायची. आम्हा सगळ्या भावंडांना तिनेच मांडीवर वाढवलं. तिला जेवायला कधी कमी पडलं नाही. सणाला नवं लुगडं मिळायचं. आजारी पडली की आई तिच्या उशाशी बसायची. गावात सगळे म्हणायचे, आंधळी आहे पण घरच्यांनी चांगलं सांभाळलं.

आजोबा वारले १९६२ साली. जमिनीची वाटणी झाली, वारसांची यादी तलाठ्याकडे गेली, त्यात आत्याचं नाव नव्हतं. कुणी दुष्टपणाने गाळलं असं मला वाटत नाही. लिहायचं असतं, हेच कुणाच्या मनात आलं नाही. पुष्कळ वर्षांनी एकदा देठ खुडता खुडता ती मला म्हणाली, "भाकर देतस, ईचारतस मात्र कोनी नही." भाकर देतात, विचारत मात्र कुणी नाही.

तेव्हा मी नुसतं हसले होते. पुढे शिक्षिका झाले, चार पुस्तकं वाचली, तेव्हा कळलं की आत्याच्या त्या एका वाक्यात आपल्याकडचा जुना कायदाच सामावला होता.

आपल्या भागात हिंदू कुटुंबांच्या वाटणीला ज्या ग्रंथांचा आधार घेतला जाई, त्यांत याज्ञवल्क्य स्मृती आणि तिच्यावरची विज्ञानेश्वराची मिताक्षरा टीका यांना मोठा मान. त्यात नियम असा की आंधळा, पांगळा, वेडसर, असाध्य रोगी अशांना घराने पोसावं, पण मालमत्तेत हिस्सा देऊ नये. पोसणं हे घराचं कर्तव्य ठरलं आणि हिस्सा नाकारणं हाही नियमच ठरला. महाभारतात धृतराष्ट्र थोरला असून आधी राज्य पंडूकडे गेलं, ते याच विचारातून. इंग्रजांची न्यायालयं आली, तीही हिंदूंच्या वाटणीच्या खटल्यांत हाच नियम लावत राहिली.

तो मोडला १९२८ साली. त्या वर्षीच्या कायद्याने सांगितलं की केवळ रोग, व्यंग किंवा शरीर-मनातला दोष या कारणाने कुणाला वारसाहक्कातून किंवा एकत्र कुटुंबाच्या वाटणीतून वगळता येणार नाही. जन्मापासून वेडसर किंवा मतिमंद असलेल्यांना मात्र त्या कायद्यानेही बाहेरच ठेवलं. त्यांच्यासाठी १९५६ चा हिंदू वारसा कायदा यावा लागला. त्याच्या अठ्ठाविसाव्या कलमाने रोग, दोष, व्यंग यांपैकी कशाच्याही नावाखाली वारस नाकारता येणार नाही असं ठरवलं. त्याच कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वारस केलं. पुढे १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये साऱ्या देशाने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीला आणला.

आता हिशोब करा. आजोबा गेले १९६२ मध्ये. आत्याचं डोळ्यांचं कारण १९२८ मध्येच संपलं होतं आणि बाई असण्याचं कारण १९५६ मध्ये. कायद्याने ती वारस होती. कायदा दिल्लीत झाला, त्याला सहा वर्षं उलटली, तरी आमच्या ओट्यापर्यंत तो पोचला नव्हता. ओट्यावर जुना नियमच चालू होता, की पोसा पण विचारू नका.

हे मी कुणाला दोष द्यायला सांगत नाही. जमिनीत जे झालं तेच शाळेत झालं, गावात झालं आणि अजून होतंय, म्हणून सांगते.

शाळेचं बघू. जे दिसत नाही त्याला शिकवायचं कसं, हा प्रश्न आपल्याकडे फार दिवस कुणी विचारलाच नव्हता. अपवाद होते. अमरावती जिल्ह्यातले संत गुलाबराव महाराज १८८१ साली जन्मले आणि नऊ महिन्यांचे असतानाच त्यांची दृष्टी गेली. पण त्यांना पुस्तकं वाचून दाखवणारी माणसं भेटली, सांगितलेलं लिहून घेणारी माणसं भेटली. अवघं चौतीस वर्षांचं आयुष्य, आणि त्यात शंभराहून जास्त रचना. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात आणि हात जोडतात. मला त्यांच्याइतकंच त्या वाचून दाखवणाऱ्यांचं मोल वाटतं. त्यांनी कंटाळा केला असता तर महाराष्ट्राला गुलाबराव महाराज मिळाले नसते.

पण वाचून दाखवायला माणूस दर वेळी कुठून आणायचं? बोटांनी वाचायची लिपी तर फ्रान्समध्ये आधीच तयार झाली होती. लुई ब्रेल लहानपणी बापाच्या कातडी कामाच्या दुकानात खेळताना डोळ्याला हत्यार लागून आंधळा झाला, आणि विशीत असताना, १८२९ साली, त्याने सहा ठिपक्यांची लिपी छापून मांडली. ती आपल्याकडे यायला साठेक वर्षं लागली. १८८७ मध्ये अमृतसरला अॅनी शार्प या मिशनरी बाईंनी अंधांची शाळा काढली. आपल्याकडे मात्र हे काम दुष्काळाने आणलं.

१८९९-१९०० चा दुष्काळ तुम्ही म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकला असेल. संवत १९५६ म्हणून छप्पन्नचा दुष्काळ. गुजरात आणि खानदेश दोन्ही त्यात होरपळले. पोरकी झालेली मुलं वाटेवर पडलेली असायची. कुणाचे डोळे देवीने गेलेले, कुणाचे उपासमारीने. अशा मुलांसाठी १९०० साली मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या अॅना मिलार्ड यांनी शाळा सुरू केली. तीच पुढे दादरची अंधशाळा. १९०२ मध्ये ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली. ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी माझगावला त्याच्याही आधी, १८८० च्या दशकात, शाळा सुरू झाली होती.

आणि पुणे जिल्ह्यात केडगावला पंडिता रमाबाई होत्या. विधवांसाठी काम करणाऱ्या आणि संस्कृत जाणणाऱ्या रमाबाई आपल्याला माहीत असतात. त्यांना ऐकायला कमी यायचं, हे फारसं कुणी सांगत नाही. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टरकी शिकायला. कान साथ देईनात, म्हणून तो विचार सोडावा लागला. एक दार बंद झालं तेव्हा त्या रडत बसल्या नाहीत. तिथल्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकल्या आणि संस्कृत शिकवलंही. मग अमेरिकेला गेल्या, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि दुष्काळात शेकडो मुली-बायकांना केडगावच्या मुक्ती सदनात आणलं. त्यांत दिसत नसलेल्याही होत्या. त्यांना एका कोपऱ्यात बसवून नुसतं जेवू घातलं असतं, तरी लोकांनी वाहवाच केली असती. पण त्यांना तिथे ब्रेल शिकवलं गेलं, हातकाम शिकवलं गेलं. रमाबाईंची लेक मनोरमाबाई यांनी त्यात लक्ष घातलं. शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रात डोळ्यांनी न दिसणाऱ्या, घरदार नसलेल्या मुली बोटांनी वाचत होत्या.

आत्याची देवी त्यानंतर तीसेक वर्षांनी आली. नंदुरबारला आगगाडीही कधीचीच आलेली होती. आमच्या घरच्यांनी तिला दूर धाडलं असतं का, ठाऊक नाही. पण अशी शाळा असते हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. विचार करण्याची संधीसुद्धा तिच्या वाट्याला आली नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली. तोवर निरनिराळ्या शाळा निरनिराळे ठिपके वापरत. आता मराठीचा 'क' आणि हिंदीचा 'क' एकाच खुणेने लिहिता येऊ लागला. १९७४ मध्ये केंद्र सरकारने वेगळी वाट धरली. अशा मुलांना फक्त दूरच्या खास शाळेत न धाडता साध्या शाळेत बाकीच्यांबरोबर शिकवावं, अशी योजना आणली. कागदावर ती फार चांगली होती.

इथे मला माझीच एक चूक सांगायची आहे. मी नोकरीला लागले तेव्हा ही योजना जुनी झाली होती. माझ्या वर्गात एक मुलगी आली, तिला फार कमी ऐकू यायचं. स्वभावाने शांत होती. प्रश्न विचारला की बघत राहायची. बाकीची पोरं हसायची, माझा वेळ जायचा. मी तिला शेवटच्या बाकावर बसवलं. त्रास देत नाही म्हणून कौतुकही केलं. वरच्या वर्गात ढकलली, पुढे तिने शाळा सोडली. पहिल्या बाकावर बसवून, तिच्याकडे तोंड करून, सावकाश बोलले असते तर तिला ओठांवरून निम्मं तरी कळलं असतं. त्याला पैसा लागत नव्हता, योजनेची मंजुरी लागत नव्हती. ज्या घरात आत्याला कुणी विचारलं नाही, त्याच घरातून मी शिकून आले होते आणि तेच केलं. मी तिला वर्गात जागा दिली, शिक्षणात वाटा दिला नाही.

नुसतं वर्गात बसवणं आणि शिकवणं यातला फरक मला पुढे नसीमा हुरजूक यांच्याबद्दल वाचताना नीट कळला. सोळाव्या वर्षी त्यांच्या कमरेखालची ताकद गेली. काही काळ जगणं नको झालं. मग बंगळूरचे बाबूकाका दिवाण भेटले. तेही चाकाच्या खुर्चीत, आणि स्वतः गाडी चालवणारे. त्यांना बघून नसीमाताईंनी मन उभं केलं, शिकल्या, सरकारी नोकरी केली आणि १९८४ मध्ये कोल्हापुरात हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था काढली. तिच्या शाळेत चालणारी आणि न चालणारी मुलं एकाच वर्गात शिकतात. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचं आत्मकथन तुमच्या वाचनालयात असलं तर जरूर वाचा. ज्यांना मदत करायची त्यांनीच संस्था चालवली, की उंबरा कुठे अडतो, संडासाचं दार किती रुंद हवं, हे दुसऱ्याला विचारावं लागत नाही.

त्यानंतर कायदे भराभर आले. १९९५ मध्ये अपंग व्यक्तींना समान संधी देणारा पहिला मोठा कायदा आला. त्यात सात प्रकार होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन अपंग मुलांचा स्पष्ट उल्लेख आला. २०१६ च्या कायद्याने प्रकार एकवीस केले, आणि चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या साध्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या खास शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला.

या एकवीस प्रकारांतला एक आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक आईने लक्षात ठेवावा, तो म्हणजे सिकलसेल. आपल्या भिल्ल, पावरा वस्त्यांमध्ये हा आजार पुष्कळ आहे. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, हातपाय आणि पाठ असह्य दुखतं. मूल आठवडाभर शाळेत येत नाही. वरून बघितलं तर धडधाकट, म्हणून मास्तर म्हणतात खाडेबहाद्दर आणि आजी म्हणते कामचुकार. अपंगत्व नेहमी डोळ्याला दिसतंच असं नाही, हे २०१६ च्या कायद्याने मान्य केलं. त्या मुलाला रागवू नका. भरपूर पाणी प्यायला द्या, थंडीत उबदार ठेवा, सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या, आणि शाळेत सांगा की हे खाडे आळसाचे नाहीत.

इतके कायदे झाले, मग झालं काय? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख लोकांनी अपंगत्व नोंदवलं, महाराष्ट्रात २९ लाखांवर. त्यांतल्या शंभर पुरुषांत ६२ जणांना लिहिता-वाचता येत होतं, शंभर बायकांत फक्त ४५ जणींना. यात नोंदवलेलीच माणसं आहेत. आमच्या वारसयादीसारखी कितीतरी नावं त्यात लिहिलीच गेली नसतील. लेकीचं लग्न जमणार नाही म्हणून घरातच झाकून ठेवलेल्या पोरी तुम्हालाही माहीत आहेत.

शब्द मात्र आपण पटापट बदलले. आंधळा, लंगडा, मुका म्हणायचो, मग अपंग म्हणू लागलो, आता दिव्यांग. चांगला शब्द वापरावाच. पण मागे घाटावर मी एक प्रसंग पाहिला, तो सांगते. बाहेरगावचं कुटुंब आईच्या अस्थी घेऊन आलं होतं. एक मुलगा चाकाच्या खुर्चीत होता. भाऊ म्हणाला, "तू वरच थांब, पायऱ्या आहेत. आम्ही करून येतो." बोलणं मायेचंच होतं. उन्हात राहू नये म्हणून त्याला सावलीत बसवलं, पाण्याची बाटली दिली. सगळे खाली गेले. तो वरून संगमाकडे बघत राहिला. आई त्याचीही होती. तिथे चार तरुण पोरं उभी होती. दोघं पुढे झाले आणि त्याच्याजवळ जाऊन म्हणाले, "दादा, खाली यायचंय का? कसं उचलू ते सांगा." तो सांगत गेला तसं त्यांनी खुर्ची चौघांत धरून सावकाश खाली नेली. त्याने आपल्या हाताने आईच्या अस्थी तापीत सोडल्या.

त्या पोरांनी कायदा वाचला नसेल. त्यांनी त्याला विचारलं, एवढंच. आत्याला जे कधी कुणी विचारलं नाही, ते मी त्या दिवशी आमच्याच घाटावर ऐकलं. पण दर वेळी चार पोरं कुठून मिळणार? म्हणून उतार हवा, कठडा हवा, आणि तो मागायची जागा म्हणजे आपली ग्रामसभा.

तेव्हा जाता जाता चार कामं सांगते. तुमच्या गल्लीत शाळेच्या वयाचं असं मूल घरी असेल तर शाळेत नाव आहे का ते बघा, आणि नाव असूनही मूल घरीच असेल तर का, ते विचारा. गट साधन केंद्रात विशेष शिक्षक असतात, त्यांना बोलावून घ्या. दहावीला लेखनिक आणि जादा वेळ मिळतो, तो आधीच अर्ज करून घ्यावा लागतो. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या, त्याशिवाय पुढची दारं उघडत नाहीत. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते कशावर खर्च झाले, हे ग्रामसभेत उभं राहून विचारा. आणि त्या सभेला ज्यांच्यासाठी पैसा आहे त्यांनाच घेऊन जा. त्यांच्या वतीने आपण बोलायची घाई करायची नाही.

आणि पाचवं काम घरातलं. घरात वाटणी होत असेल, वारसनोंद होत असेल, तर यादी एकदा वाचा. न दिसणारी बहीण, न बोलणारा दीर, समज कमी असलेला पुतण्या, सगळ्यांची नावं आहेत का बघा. आत्याचं नाव सातबाऱ्यावर कधी लागलं नाही. ती गेली तेव्हा तिच्या नावावर काहीच नव्हतं. अंगावर आईने नेसवलेलं नवं लुगडं होतं. ते फार मायेने नेसवलेलं होतं, हे मी कधीच विसरणार नाही. यादीत तिचं नाव नव्हतं, हेही विसरणार नाही.